तीन स्वरांची साथ

गिटारीस सहा तारा असतात, आणि ज्याच्या हातीं ती नुकतीच आली आहे त्यास त्या सहाही तारा एकदम वाजविण्याचा मोह आवरत नाहीं. यांत नवल तें कसलें? डाव्या हाताचीं बोटें मोठ्या कष्टानें जागच्या जागीं बसवावीं, उजव्या हातानें जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत एक फटकारा द्यावा, आणि सारी खोली नादानें भरून जावी, हा आनंद लहानसहान नव्हे. परंतु शेजारीं कोणी गात असेल तर प्रश्न निराळा होतो. अलीकडे स्नेहसंमेलनांतून गिटारीच्या साथीवर गाण्याची हौस वाढली आहे, आणि ती आम्हांस मनापासून आवडते. मात्र गाणारी मुलगी कोणते शब्द म्हणाली, हें पहिल्या रांगेंत बसलेल्या तिच्या आईबापांसही पुष्कळदां सांगतां येत नाहीं. साथीचा मुलगा दांडगट असतो असें नव्हे. त्यास जें शिकविलें तें तो वाजवितो. काय वाजवूं नये हें त्यास कोणी सांगितलेलें नसतें.

यंदा या पानांत आम्ही अशा एका साथीची माहिती देण्याचें योजिलें आहे कीं जींत सहांपैकीं तीनच तारा वाजतात, कधीं दोन, आणि कधीं तर एकच. ती साथ जॅझ संगीतांतील ब्लूज या गीतप्रकाराची होय. ज्यांस गिटार येत नाहीं, परंतु ज्यांच्या घरीं हार्मोनियम आहे, त्यांसही पुढील बराच भाग हातानें करून पाहतां येईल.

ब्लूज हें अमेरिकेच्या दक्षिण भागांतील कृष्णवर्णीय लोकांचें गाणें. १८६५ सालीं तेथील गुलामगिरी कायद्यानें नष्ट झाली, पण गुलामांच्या मुलांनातवंडांपैकीं पुष्कळांच्या वाट्यास दुसऱ्याच्या मालकीचीं कापसाचीं शेतें आणि वर्षानुवर्षें न फिटणारें कर्ज हींच आलीं. शेतांतील कामकऱ्यांचे हाकारे, प्रार्थनामंदिरांतील गीतें आणि रस्त्यावर गाऊन पोट भरणाऱ्यांचीं गाणीं यांतून ब्लूज वाढला. तो कागदावर उतरवून दूरवर पोंचविणाऱ्यांत विल्यम क्रिस्टोफर हँडी (१८७३–१९५८) यांचें नांव प्रथम घेतात, आणि त्यांच्या लहानपणची एक हकीकत आमच्या पालकवर्गानें ऐकण्यासारखी आहे.

हँडी हा आलाबामा राज्यांतील फ्लॉरेन्स गांवच्या एका धर्मोपदेशकाचा मुलगा. दुकानाच्या खिडकींत मांडलेली एक गिटार त्याच्या मनांत भरली. पैसा पैसा सांठवून त्यानें ती विकत घेतली आणि मोठ्या अभिमानानें घरीं आणली. वडिलांच्या लेखीं गिटार म्हणजे सैतानाचें खेळणें! त्यांनीं ती तत्काळ दुकानांत परत नेण्यास लावून तिच्या बदल्यांत एक भला मोठा इंग्रजी शब्दकोश आणविला. मुलास ऑर्गन शिकविण्याची व्यवस्थाही त्यांनींच केली, हें न्यायबुद्धीनें सांगितलें पाहिजे. १९४१ सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रांत हँडी यांनीं ही गोष्ट लिहून ठेवली आहे. म्हणजे साठ वर्षांच्या पुढें वय गेलें तरी ते ती विसरले नव्हते. शब्दकोश वायां गेला असें आम्ही म्हणणार नाहीं, कारण पुढें ऐकलेलें लिहून ठेवण्याचें काम त्याच मुलाकडून झालें. परंतु हातांतली वस्तु परत नेतांना वाटेंत त्या मुलास काय वाटलें असेल, हेंही पालकांनीं क्षणभर मनांत आणावें.

पुढें १९०३ च्या सुमारास मिसिसिपी राज्यांतील टटवायलर या लहानशा स्टेशनांत गाडीची वाट पाहतां पाहतां हँडी यांस झोप लागली. ते जागे झाले तों शेजारीं फाटक्या कपड्यांचा एक कृष्णवर्णीय मनुष्य गिटारीच्या तारांवर सुरी दाबून सूर काढीत होता, आणि एकच ओळ तीन वेळां गात होता. ही सुरी वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिच्याकडे आम्हांस पुन्हां यावयाचें आहे. हँडी यांचा ‘मेम्फिस ब्लूज’ १९१२ सालीं आणि ‘सेंट लुईस ब्लूज’ १९१४ सालीं छापून निघाला.

आपल्या प्रांतास हें संगीत अगदींच परकें आहे असेंही नाहीं. १९३५ सालीं लिऑन ॲबी यांचा अमेरिकन वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत वाजवूं लागला, आणि गोव्याच्या चर्चच्या शाळांतून पाश्चात्य स्वरलिपि वाचावयास शिकलेल्या गोमंतकीय वादकांनीं जॅझ लवकरच आत्मसात केला. त्यांपैकीं अंतोनियो शावियर वाझ (१९१६–१९६७) हे ट्रंपेटवादक ‘चिक चॉकलेट’ या नांवानें प्रसिद्ध झाले. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे संगीतकार सी. रामचंद्र, यांच्या ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटांत चिक चॉकलेट व त्यांचे सोबती प्रत्यक्ष वाजवितांना दिसतात.

आतां ब्लूजची रचना पाहूं. त्याचें एक आवर्तन साधारणपणें १२ खंडांचें असतें. प्रत्येक खंडांत ४ मात्रा, म्हणजे एकंदर ४८ मात्रा. काव्याच्या ओळी तीन: पहिली म्हणावयाची, तीच पुन्हां म्हणावयाची, आणि तिसरींत तिचें उत्तर द्यावयाचें. प्रत्येक ओळीच्या वाट्यास ४ खंड येतात. परंतु गायकाचे शब्द त्यांतील सुमारें दोनच खंड व्यापतात व उरलेले दोन वाद्यासाठीं मोकळे राहतात. म्हणजे वाद्यानें बोलावें अशी जागा या गाण्यांत मूळचीच आहे. जो साथीदार गायकाच्या शब्दांवरच आपला सारा दारूगोळा उधळतो, त्याच्यापाशीं ती जागा आली असतां नवें बोलावयास कांहीं उरत नाहीं.

या ४८ मात्रांच्या खालीं तीन स्वरसंघ असतात. अनेक स्वर एकत्र वाजविले म्हणजे जें होतें त्यास आम्ही येथें स्वरसंघ म्हणूं. गिटार शिकणारीं मुलें त्यास कॉर्ड म्हणतात. पहिला स्वरसंघ षड्जावर उभा असतो, दुसरा मध्यमावर, तिसरा पंचमावर. साध्या ब्लूजमध्यें पहिले ४ खंड षड्जाचे; मग २ मध्यमाचे, २ पुन्हां षड्जाचे; नंतर १ पंचमाचा, १ मध्यमाचा, आणि शेवटचे २ परत षड्जाचे. हिशेब एवढाच. तो एकदां पाठ झाला कीं जन्मभर पुरतो.

षड्जावरील स्वरसंघांत चार निरनिराळे स्वर असतात: सा, ग, प आणि कोमल नी. या चौघांची योग्यता सारखी नाहीं, आणि आमच्या सर्व विवेचनाचा आधार येथेंच आहे. सा हा पाया खरा, परंतु वाद्यवृंदांत तो घालण्याचें काम डबलबेस नांवाच्या उभ्या मोठ्या वाद्याचें असतें. प तर सा च्या पोटांतच असतो: कोणतीही तार छेडली म्हणजे ती आपल्या एकतृतीयांश भागांनींही कंप पावते, आणि त्या कंपापासून वरच्या सप्तकांतला पंचम सूक्ष्मपणें ऐकूं येतो. शिवाय प कांहींच नवें सांगत नाहीं. स्वरसंघ प्रसन्न असो वा खिन्न, पंचम दोहोंकडे तोच. प्रसन्नता किंवा खिन्नता ठरते ती तिसऱ्या स्वरावरून, म्हणजे गंधारावरून. आणि स्वरसंघ विसावलेला आहे कीं पुढें जाण्यास उत्सुक आहे, हें सातव्या स्वरावरून, म्हणजे निषादावरून कळतें. सारा अर्थ या दोघांपाशीं!

आतां नेहमींचा सहा तारांचा स्वरसंघ तपासून पाहा. सहाव्या पडद्यावर तर्जनी आडवी धरून बी फ्लॅटचा जो भरगच्च स्वरसंघ मुलें वाजवितात, त्यांत दोन तारांवर सा असतो, दोहोंवर प, आणि ग व कोमल नी यांस एकेकच तार मिळते. म्हणजे सहांपैकीं चार तारा जें आधींच ठाऊक आहे तेंच पुन्हां सांगत बसतात. वरच्या दोन बारीक तारांवरील स्वर तर मुलींच्या आवाजाच्या ऐन वाटेवर उभे राहतात. गाणारीचे शब्द कां हरवले, याचें उत्तर हेंच.

तेव्हां तीन तारा ठेवाव्या व तीन मुक्या कराव्या. बी फ्लॅट हा सा मानूं. हार्मोनियमवर ही काळी पांच. जाड तार सहावी व सर्वांत बारीक ती पहिली, असे तारांचे क्रमांक समजावे. सहाव्या तारेच्या सहाव्या पडद्यावर मध्यमा ठेवावी; तो सा. चौथ्या तारेच्या सहाव्या पडद्यावर अनामिका. तो कोमल नी. तिसऱ्या तारेच्या सातव्या पडद्यावर करंगळी. तो शुद्ध ग. पांचव्या तारेस मध्यमेच्याच टोंकाची कड लागूं द्यावी, म्हणजे ती बोलणार नाहीं. पहिल्या दोन तारा तळव्याच्या कडेनें गप्प राहतात. झाला षड्जाचा स्वरसंघ.

मध्यमाच्या स्वरसंघासाठीं मध्यमा त्याच सहाव्या पडद्यावर राहून केवळ शेजारच्या पांचव्या तारेवर येते. चौथ्या तारेवर आतां पांचवा पडदा तर्जनीनें, आणि तिसऱ्या तारेवर सहावा अनामिकेनें दाबावा. वरच्या दोन स्वरांचें काय झालें तें पाहा. चौथ्या तारेवरचा एक पडदा उतरला, तिसऱ्या तारेवरचाही एकच पडदा उतरला. कोमल नी चा शुद्ध ध झाला आणि शुद्ध ग चा कोमल ग. पंचमाच्या स्वरसंघासाठीं हीच बोटांची आकृति जशीच्या तशी दोन पडदे वर सरकवावी: पांचव्या तारेचा आठवा, चौथीचा सातवा, तिसरीचा आठवा. षड्जाच्या स्वरसंघाशीं ताडून पाहिलें तर वरचे दोन्ही स्वर एकेक पडदा चढले आहेत. कोमल नी चा शुद्ध नी आणि ग चा म.

हें प्रथम ध्यानांत आलें तेव्हां आम्हांस फार गंमत वाटली, आणि अजूनही वाटते. एवढें मोठें १२ खंडांचें आवर्तन, परंतु मधल्या दोन तारांवरील बोटें एक पडदा खालीं, एक पडदा वर, याहून अधिक हिंडत नाहींत. ज्यांच्यापाशीं गिटार नाहीं त्यांनीं हार्मोनियमवर कोमल नी आणि त्याच्या वरचा ग हे दोन स्वर एकत्र दाबावे; मग दोन्ही अर्धा स्वर खालीं आणावे; मग मूळ जागेहून अर्धा स्वर वर न्यावे. डाव्या हातानें खर्जांत अनुक्रमें सा, म आणि प धरावे. ब्लूज ऐकूं येऊं लागेल.

असें कां होतें, हेंही थोडक्यांत सांगतों. सप्तकांत १२ अर्धस्वर असतात, आणि कोमल नी पासून वरच्या ग पर्यंतचें अंतर बरोबर ६ अर्धस्वरांचें, म्हणजे सप्तकाच्या निम्मे. जें निम्मे आहे तें उलटें केलें तरी निम्मेच राहतें. म्हणून षड्जाच्या स्वरसंघांत जी खालची तार सातवा स्वर धरून असते, तीच मध्यमाच्या स्वरसंघांत तिसरा स्वर धरते. वरची तार तिसऱ्याची सातवी होते. दोघें भूमिका बदलतात, अंतर बदलत नाहींत. इतकेंच काय, हीच जोडी तशीच धरून खालच्या सोबत्यानें बी फ्लॅटऐवजीं ई हा स्वर वाजविला, तर ती निमूटपणें ई च्या स्वरसंघाची तिसरी व सातवी होऊन बसते. पट्टीचे जॅझवादक या युक्तीचा पुष्कळ उपयोग करितात. नवशिक्यानें ती तूर्त ऐकून ठेवावी.

आतां त्या सुरीकडे वळूं. ब्लूज गाणारा जो गंधार घेतो तो पियानोच्या कोणत्याच पट्टींत सांपडत नाहीं. तो कोमल व शुद्ध यांच्या दरम्यान कोठें तरी असतो, आणि तेथेंही स्थिर राहत नाहीं. शब्दाच्या भावाप्रमाणें किंचित् चढतो, किंचित् उतरतो. आपल्याकडील श्रुतींची कल्पना ज्यांस आहे त्यांस यांत विचित्र कांहीं वाटणार नाहीं. टटवायलरच्या त्या मनुष्याच्या सुरीस पडदे अडवीत नव्हते. ती तारेवरून सरकत या मधल्या जागेंत जाऊं शकत होती. बोटांनीं वाजविणाऱ्या साथीदारास पडदे ओलांडून तसें सहज जातां येत नाहीं. त्याच्या तिसऱ्या तारेवर षड्जाच्या वेळीं शुद्ध ग असतो आणि मध्यमाच्या वेळीं कोमल ग. गायकाचा गंधार या दोन पडद्यांच्या मध्यें नांदतो. साथीदार एका कांठावरून दुसऱ्या कांठावर जातो, आणि मधलें पाणी गायकाचें. सहा तारांच्या गजरांत तें पाणी दिसतही नाहीं. आमच्या मतें लहान स्वरसंघांचें खरें समर्थन येथें आहे; आवाज कमी होतो हा लाभ त्याच्या मानानें दुय्यम.

जॅझवादकांनीं या साध्या आवर्तनांत पुष्कळ भर घातली. दुसऱ्याच खंडांत ते मध्यमाच्या स्वरसंघास भेट देऊन तिसऱ्यांत परत येतात. आठव्या खंडांत धैवतावरील स्वरसंघ घेतात, नवव्यांत ऋषभावरील, आणि दहाव्यांत पंचमावरील. मग अकराव्यांत घर. आणखीही फांटे आहेत, ते येथें सोडून देतों. परंतु या चार खंडांतील बोटांची चाल पाहण्यासारखी आहे. धैवतासाठीं पांचवी तार दहाव्या पडद्यावर, चौथी नवव्यावर, तिसरी दहाव्यावर, आकृति पूर्वीचीच. ऋषभाचा स्वरसंघ खिन्न जातीचा असल्यामुळें त्याची आकृति मात्र निराळी: सहावी, चौथी व तिसरी या तिन्ही तारा आठव्या पडद्यावर, पैकीं चौथी व तिसरी यांवर अनामिका आडवी टाकावी. त्यानंतरचा पंचमाचा स्वरसंघ वर सांगितलाच आहे. ऋषभाकडून पंचमाकडे जातांना वरच्या दोन स्वरांपैकीं एक जागचा हलत नाहीं, आणि दुसरा एकच पडदा उतरतो. चौथ्या तारेवरचा सा जाऊन शुद्ध नी येतो.

उजव्या हाताविषयीं फार लिहिण्यासारखें नाहीं, पण जें आहे तें महत्त्वाचें आहे. प्रत्येक मात्रेस एक, असे खंडांत चार आघात, सारे वरून खालीं. दुसरा व चौथा किंचित् ठसठशीत. आघात होतांच डाव्या हाताचीं बोटें तारेवरून न उचलतां केवळ सैल करावीं, म्हणजे नाद तेथल्या तेथें थांबतो व पुढच्या मात्रेपूर्वीं थोडी शांतता मिळते. ही शांतताही वाजवावयाची असते. घड्याळाच्या टिकटिकीवर रोज दहा मिनिटें केल्यास महिन्याभरांत हात वळतो. कंटाळा येतो हें खरें, परंतु तो पहिल्या आठवड्यांतच.

या कलेंत ज्यांचें नांव सर्वांच्या तोंडीं आहे ते फ्रेडी ग्रीन ३१ मार्च १९११ रोजीं दक्षिण कॅरोलायना राज्यांतील चार्ल्स्टन येथें जन्मले. १९३७ सालीं ते काउंट बेसी (१९०४–१९८४) यांच्या वाद्यवृंदांत आले. पियानोवर स्वतः बेसी, डबलबेसवर वॉल्टर पेज, तालवाद्यांवर जो जोन्स आणि गिटारीवर ग्रीन, असा तो चौघांचा मेळ जमला. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत ध्वनिमुद्रित झालेला ‘वन ओ’क्लॉक जंप’ हा १२ खंडांचा ब्लूजच आहे. त्यांत पितळी वाद्यें व सॅक्सोफोन यांचा एवढा थाट असतां ग्रीन यांची गिटार विजेच्या साहाय्यावांचून वाजत होती. पहिल्यानें ती ऐकूंच येत नाहीं. डबलबेसच्या प्रत्येक पावलावर कांहीं तरी कुरकुरीत बसलें आहे असा भास होतो; ती गिटार.

दोनच वर्षांनीं, १९३९ सालीं, चार्ली ख्रिश्चन (१९१६–१९४२) या तरुणानें बेनी गुडमन यांच्या मेळांत विजेवर चालणारी गिटार वाजवून लोकांस चकित केलें, आणि गिटारवादकही पुढें येऊन एकट्यानें वाजवूं शकतो हें सिद्ध झालें. ग्रीन यांनाही तो मोह झाला असावा. त्यांनीं विजेची गिटार आणली कीं सोबती गुपचूप तिच्या ध्वनिवर्धकांत बिघाड करून ठेवीत, असें ते सोबतीच पुढें सांगत. कारण ग्रीन एकट्यानें वाजवूं लागले कीं बाकीच्यांच्या पायांखालची जमीन सरके. थट्टा क्रूर खरी, पण याहून मोठी पावती कोणत्या वादकास मिळाली असेल? १९५० सालीं बेसी यांनीं खर्चामुळें मोठा वृंद मोडून लहान मेळ केला व त्यांत गिटार ठेवली नाहीं. ग्रीन एके दिवशीं न बोलावितां आपली गिटार घेऊन आले आणि जागेवर बसले, अशी कथा सांगतात. बेसी १९८४ सालीं वारले. ग्रीन १ मार्च १९८७ रोजीं मरण पावेपर्यंत त्याच वृंदांत होते. पन्नास वर्षें झालीं. या अवधींत एकट्यानें पुढें येऊन वाजविल्याचे त्यांचे प्रसंग बोटांवर मोजण्याइतकेच.

त्यांच्या तारा पट्टीपासून इतक्या उंच बसविलेल्या असत कीं त्या दाबणें इतरांस जड जाई. पुढच्या पिढीच्या अभ्यासकांनीं त्यांचें वादन बारकाईनें ऐकलें तेव्हां आणखी एक गोष्ट आढळली. तीन तारांवर बोटें असूनही पुष्कळदां चौथ्या तारेवरचा एकच स्वर स्पष्ट उमटत असे; बाकीच्या दोन तारा हलक्या स्पर्शानें अर्ध्यामुर्ध्या मुक्या ठेवलेल्या असत, आणि त्यांतून स्वर न येतां केवळ आघाताचा खट्ट आवाज येई.

हा प्रयोग आमच्या ब्लूजवरही करतां येतो. वर सांगितलेल्या आवर्तनांतील फक्त चौथी तार वेगळी काढावी. पहिल्या सात खंडांत तिचे पडदे ६, ५, ६, ६, ५, ५, ६ असे येतात. बोट जवळजवळ जागच्या जागींच आहे. आठव्या खंडांत तें एकदम नवव्या पडद्यावर उडी मारतें, आणि तेथून दर खंडास एक याप्रमाणें ९, ८, ७, ६ असें उतरत घरीं येतें. गायकाची तिसरी ओळ, म्हणजे पहिल्या दोन ओळींचें उत्तर, नेमकी या उतरणीवर पडते. मित्रास ती ओळ हळू आवाजांत गावयास सांगावें व आपण केवळ ही एक तार मात्रेमात्रेस छेडावी. शब्द सारे ऐकूं येतील. बाराव्या खंडांत पंचमासाठीं बोट पुन्हां सातव्या पडद्यावर जातें, आणि पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेस सहाव्यावर परततें.